कारीगर आजारी पडला तर पगाराचे काय?

धंद्याच्या वहीत कच्च्या मालाचा रकाना असतो, भाड्याचा असतो, विजेच्या बिलाचा असतो आणि उधारीचा तर असतोच. कारीगराच्या आजारपणाचा रकाना मात्र फार थोड्या वह्यांत सापडतो. आजारपण सांगून येत नाही हे खरे, परंतु दहा माणसे वर्षभर राबत असतील तर त्यांतील दोघेतिघे केव्हा ना केव्हा अंथरूण धरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तरीही प्रत्येक वेळी मालक आणि कारीगर दोघांनाही हा प्रसंग नवाच वाटतो.

भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवर मजुरी मीटरवर ठरते. मदनपुऱ्यातील बॅगांच्या कारखान्यांत ती नगावर आणि जरीकामात तुकड्यावर किंवा रोजावर ठरते. जितके काम तितका पैसा, असा हा हिशेब आहे. त्यामुळे ज्या दिवशी हात थांबतो त्याच दिवशी घरातील चूलही थांबू लागते. मग काय होते, हे या पानाच्या वाचकांना ठाऊक आहे. ताप अंगावर काढून माणूस मागावर उभा राहतो. खोकला महिनाभर लपवला जातो आणि तो क्षयाचा निघतो तेव्हा शेजारच्या मागावरील दोघांनाही त्याची बाधा झालेली असण्याची भीती असते. जो कामावर येऊच शकत नाही, तो मालकाकडून उचल घेतो. ती उचल पुढे वर्ष-दोन वर्षे मजुरीतून कापली जाते, नाहीतर कारीगर ती न फेडताच मुलुखात निघून जातो. दोन्ही प्रकारांत कोणीतरी बुडतोच.

या पानाच्या वाचकांत कारखानदार आहेत, दुकानदार आहेत आणि रोज हातावर पोट असलेले कारीगरही आहेत. सबब आम्ही हा प्रश्न दोन्ही बाजूंनी मांडत आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे की, आजारपणातील पगार ही मालकाच्या दिलदारपणावर सोडण्याची बाब नाही. त्याची तजवीज कायद्याने केलेली आहे. जेथे कायदा पोहोचत नाही तेथे ती आपल्याला लेखी नियमाने करता येते. आणि नीट हिशेब मांडला तर मालकालाही ती परवडते.

रजेच्या कायद्यात काय आहे?

अनेकांचा समज असा की, सरकारी नोकराला मिळते तशी आजारपणाची भरपगारी रजा प्रत्येक कामगाराला कायद्याने मिळते. खाजगी कारखान्यांबाबत तसे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कमावलेल्या रजेची तरतूद होती. वर्षात २४० दिवस काम केले की प्रत्येक २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, असा तो नियम होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेने २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली. परंतु आजारपणाची म्हणून वेगळी रजा जुन्या कायद्यात नव्हती आणि नव्या संहितेतही नाही.

दुकाने आणि व्यापारी पेढ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या दुकानांत वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा पगारासह द्यावी लागते. कमावलेली रजा त्याशिवाय मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. ताप-सर्दीला ८ दिवस पुरतील. टायफॉइड, कावीळ, मोडलेला हात किंवा क्षय यांना ते पुरणार नाहीत. अशा लांबच्या आजारासाठी आपल्या देशात जी व्यवस्था आहे तिचे नाव राज्य कामगार विमा योजना. लोक तिला ई.एस.आय. म्हणून ओळखतात.

ही योजना आली कोठून?

मार्च १९४३ मध्ये, इंग्रजांच्या अमदानीत, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल दिला. त्याच्या पायावर १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. १९५४ मध्ये ती मुंबईत आली.

योजनेमागचा विचार सोपा आहे. एका कारखान्यात कोण केव्हा आजारी पडेल हे सांगता येत नाही. परंतु लाखो कामगारांचा एकत्र विचार केला तर आजाराचे प्रमाण साधारण ठरलेले असते. म्हणून सगळ्यांनी थोडे थोडे भरायचे आणि जो पडेल त्याला त्यातून द्यायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असला तरी योजना बंद झालेली नाही. वर्गणी, दवाखाने आणि आजारपणाचे पैसे यांची व्यवस्था नव्या संहितेतही कायम आहे.

भरायचे किती आणि मिळते काय?

१ जुलै २०१९ पासून वर्गणीचे दर कमी करण्यात आले. पूर्वी मालकाचा वाटा पगाराच्या ४.७५ टक्के आणि कामगाराचा १.७५ टक्के होता. तो मालकाचा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के करण्यात आला. ज्यांची रोजची सरासरी मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे त्यांना स्वतःचा वाटा माफ करण्यात आला. मालकाला मात्र आपला वाटा भरावाच लागतो. पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये ठरवण्यात आली. मर्यादा आणि दर सरकार वेळोवेळी बदलू शकते. म्हणून नोंदणी करताना शाखा कार्यालयातून चालू आकडे तपासून घ्यावेत.

कामगाराला आजारपणाचा लाभ म्हणून रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून या काळात लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. म्हणजे आज नाव नोंदवले आणि उद्या ताप आला तर रोख लाभ मिळणार नाही, साधारण नऊ महिने थांबावे लागते. औषधोपचार मात्र आधीपासून सुरू होतो आणि तो कुटुंबालाही मिळतो. आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मात्र आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत माणूस पुन्हा पडला तर ही दोन दिवसांची कपात होत नाही.

आकड्यांत पाहू

एखाद्या कारीगराचा पगार महिना १५,००० रुपये आहे असे समजू. मालकाचा वाटा ४८७.५० रुपये आणि कामगाराचा ११२.५० रुपये होतो. रक्कम वरच्या पूर्ण रुपयात धरली जाते, म्हणून अनुक्रमे ४८८ आणि ११३ रुपये भरायचे. वर्षाचे कामगाराचे झाले १,३५६ रुपये.

हा कारीगर टायफॉइडने २० दिवस घरी बसला. त्याची रोजची सरासरी ५०० रुपये धरली तर ७० टक्क्यांनी रोजचे ३५० रुपये होतात. पहिले दोन दिवस वगळून १८ दिवसांचे ६,३०० रुपये त्याच्या बँक खात्यात येतात. चार दिवसांच्या लाभातच त्याची वर्षभराची वर्गणी वसूल झाली. आजार पूर्ण ९१ दिवस चालला तर ३१,८५० रुपये मिळतात. यातला एकही रुपया मालकाच्या गल्ल्यातून गेलेला नाही.

आता मालकाचा हिशेब पाहू. दहा कारीगरांचे महिन्याला ४,८८० रुपये आणि वर्षाला ५८,५६० रुपये होतात. ही रक्कम थोडी नाही. मीटरमागे पैशांत नफा मोजणाऱ्या यंत्रमागवाल्याला तर नाहीच नाही. परंतु तिच्याबरोबर दुसरा रकानाही मांडून पाहावा. वर्षभरात तीन कारीगरांना आजारपणासाठी प्रत्येकी ८,००० रुपये उचल दिली, त्यांतील एक गावी गेला तो परतला नाही, दोघांची उचल कापता कापता त्यांचे मन कामावरून उडाले, आणि नवा कारीगर शिकवण्यात महिनाभर माल बिघडला, असे समजा. याची बेरीज कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून ती दिसत नाही. वर्गणी लिहावी लागते, म्हणून ती डोळ्यांत खुपते.

लांबचा आजार आणि यंत्रावरचा अपघात

धूळ, कोंदट जागा आणि अपुरे अन्न यांमुळे आपल्या कारीगरांच्या वस्त्यांत क्षयाचा धोका मोठा आहे. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण उपचार निदान सहा महिने चालतात. या सहा महिन्यांत घर कशावर चालवायचे, या प्रश्नापायीच अनेक जण उपचार अर्ध्यावर सोडतात आणि रोग अधिक हट्टी होतो.

योजनेत अशा ३४ लांबच्या आजारांसाठी वाढीव लाभ आहे. क्षय, कर्करोग आणि पक्षाघात त्यात येतात. ९१ दिवस संपल्यावर मजुरीच्या ८० टक्के दराने आणखी ३०९ दिवस आणि वैद्यकीय मंडळाने मान्य केल्यास एकूण दोन वर्षांपर्यंत हा लाभ मिळू शकतो. अट अशी की कामगार सलग दोन वर्षे विम्याच्या नोकरीत असावा आणि त्या काळात त्याची १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. ५०० रुपये रोजाच्या कारीगराला हे रोजचे ४०० रुपये होतात. औषध पूर्ण घेण्यास यापेक्षा मोठा आधार तो कोणता?

कामावरच्या अपघातात तर नियम आणखी उदार आहे. धोट्याचा मार लागला, प्रेसमध्ये बोट सापडले, भट्टीवर हात भाजला, तर मजुरीच्या ९० टक्के रक्कम पहिल्या दिवसापासून मिळते. त्यासाठी किमान दिवसांची वर्गणी असण्याची अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क लागू होतो. दुखापत निदान तीन दिवस काम थांबवणारी असावी, एवढेच.

मालकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जेथे विमा नाही तेथे कामावरच्या अपघाताची भरपाई मालकावरच पडते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ३,७५० रुपये, मालकाने स्वतः द्यायचे. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर रक्कम लाखांत जाते. विमा असलेल्या कामगाराच्या बाबतीत हे ओझे महामंडळ उचलते. दहा मागांच्या कारखानदारासाठी हे एकच कारण नोंदणीला पुरेसे आहे, असे आम्हाला वाटते.

दहाचा आकडा आणि पळवाटा

दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे योजना लागू होते. म्हणून नऊ माणसे हजेरीवर आणि बाकीची ‘बाहेरची’ दाखवण्याची रीत पडली आहे. एकाच पत्र्याच्या छपराखाली चार भावांच्या नावे चार कारखाने लावले जातात. हा मार्ग वाटतो तितका सुरक्षित नाही. जागा, व्यवस्थापन आणि हिशेब एकच असेल तर तपासणीत ते सारे एकच आस्थापन धरले जाऊ शकते. ठेकेदाराकडून आणलेल्या माणसांची वर्गणीही अखेर मुख्य मालकाच्या अंगावर येते. पगार घेणारा भाचाही मोजणीत येतो. आणि एकदा योजना लागू झाली की पुढे माणसे दहाहून कमी झाली तरी ती सुटत नाही.

मागील वर्षांची वर्गणी व्याजासह एकदम मागितली जाते तेव्हा वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे जातात. कामगाराचा वाटा पगारातून कापून घेऊन तो न भरणे हा तर फौजदारी गुन्हा आहे, आणि नैतिकदृष्ट्या ते दुसऱ्याची अमानत खाण्यासारखेच आहे. २०२५ मध्ये महामंडळाने विशेष मोहीम काढून, नोंदणी नसलेल्या मालकांना मागील थकबाकी न मागता नोंदणीची संधी दिली होती. अशा सवलती कायम राहत नाहीत. पुढे अशी संधी आली तर ती सोडू नये.

नव्या संहितेत लहान धंद्यांसाठी दोन महत्त्वाचे बदल आहेत. पूर्वी योजना ठरावीक भागांतच लागू होती. आता ती साऱ्या देशासाठी आहे. आणि दहाहून कमी माणसे असलेल्या ठिकाणीही मालक व बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने नोंदणी करता येते. पाच-सहा कारीगरांच्या जरी कारखान्याला किंवा बेकरीला ही वाट आता खुली आहे. याखेरीज सरकारने धोकादायक म्हणून ठरवलेल्या कामात एकच कामगार असला तरी योजना लागू करता येते.

आखाताचा दाखला

रत्नागिरी-रायगडकडील आपले कितीतरी बांधव आखातात नोकरीला आहेत. आजारपणाच्या पगाराचा नियम त्यांना तेथेच प्रथम कळतो आणि सुट्टीवर आले की ते विचारतात, ‘आपल्याकडे असे का नाही?’ सौदी अरेबियात आजारी कामगाराला वर्षात पहिले ३० दिवस पूर्ण पगार, पुढचे ६० दिवस तीन-चतुर्थांश पगार आणि त्यापुढचे ३० दिवस बिनपगारी रजा असा कायदा आहे. संयुक्त अरब अमिरातीत परीक्षेचा काळ संपल्यावर वर्षाला ९० दिवस मिळतात. त्यांत १५ दिवस पूर्ण पगाराचे, ३० अर्ध्या पगाराचे आणि ४५ बिनपगारी असतात.

तेथे हा पगार मालक स्वतःच्या खिशातून देतो. आपल्याकडे तो सर्वांच्या वर्गणीतून दिला जातो. मोठ्या कंपनीला पहिली पद्धत झेपते. ज्याच्याकडे बाराच माणसे आहेत त्याला तीन महिन्यांचा पगार काम न होता देणे जड जाईल. त्याच्यासाठी आपली पद्धत अधिक सोयीची आहे. अडचण एवढीच की, सोय असूनही आपण तिच्या दारापर्यंत जात नाही.

तक्रारी खऱ्या आहेत

योजनेविषयी तक्रारी नाहीत असे नाही. दवाखाना लांब असतो. रांगेत दिवस जातो. औषध नसते. तज्ज्ञ डॉक्टर असतो तर यंत्र बंद असते. १७ डिसेंबर २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला लागलेल्या आगीत रुग्णांचे बळी गेले, ते कोणी विसरलेले नाही. यंत्रमागांच्या गावांत दवाखान्यांची संख्या वाढावी, ही मागणी रास्तच आहे, आणि ती व्यापारी संघटनांनी व कामगार संघटनांनी एकत्र येऊन केली पाहिजे. परंतु नाव न नोंदवणाऱ्यांना ही मागणी करण्याचा जोर कोठून येणार? ज्या गावात नोंद झालेले कामगार थोडे, त्या गावात दवाखाना कोण उघडणार?

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड आहे, मग ई.एस.आय. कशाला, असे काही जण म्हणतात. ती योजना रुग्णालयाचे बिल भागवते. घरी बसलेल्या दिवसांची मजुरी ती देत नाही. घरभाडे, किराणा आणि मुलांची फी बिलाबरोबर थांबत नाहीत.

कारीगरांनी काय सांभाळावे?

नोकरीला लागताच मालकाकडून आपला विमा क्रमांक मागून घ्यावा. नोकरी किंवा गाव बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. नव्या मालकाला जुनाच क्रमांक द्यावा, नाहीतर मागील वर्गणी तुटक राहते. आधार, बँक खाते आणि कुटुंबातील व्यक्तींची नावे बरोबर नोंदली आहेत का ते पाहावे. वर्गणी दर महिन्याला पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. ती भरली जाते की नाही, हे अधूनमधून तपासावे.

आजार झाला की पहिल्या दिवशीच ई.एस.आय.च्या दवाखान्यात किंवा योजनेच्या डॉक्टरकडे जावे आणि दाखला घ्यावा. आठ दिवस गल्लीतील डॉक्टरची औषधे घेऊन मग तिकडे गेल्यास मधल्या दिवसांचे पैसे मिळवणे अवघड होते. अपघात झाला तर तो त्याच दिवशी मालकाच्या नोंदवहीत लिहून घ्यावा. लाभ घेत असताना दुसरीकडे काम करू नये. तसे आढळल्यास लाभ बंद होतो आणि कारवाई होते. खोटा दाखला आणणाऱ्याविषयी तर बोलायलाच नको. त्याच्यामुळे खऱ्या रुग्णाकडेही संशयाने पाहिले जाते.

मालकांनीही जाणावे की, १९४८ च्या कायद्याने आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास मनाई केली होती. बरा होऊन आलेल्या माणसाला ‘तुझ्या मागावर दुसरा बसला’ असे ऐकवणे कायद्याला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही.

लहान कारखान्यांची पेटी

काही ठिकाणी नोंदणी आज शक्य होणार नाही, हे आम्ही जाणतो. तेथे निदान पेटी करावी. सहा कारीगरांचा कारखाना आहे, प्रत्येकाची आठवड्याची मजुरी ४,००० रुपये आहे असे समजा. प्रत्येक कारीगराने आठवड्याला २० रुपये आणि मालकाने त्याच्यामागे ४० रुपये टाकले, तर आठवड्याला ३६० आणि ५२ आठवड्यांत १८,७२० रुपये जमतात. आजारी कारीगराला निम्मी मजुरी, म्हणजे आठवड्याला २,००० रुपये द्यायचे ठरवले, तर वर्षात नऊ आठवड्यांच्या आजारपणाची सोय होते. शिल्लक पुढील वर्षी जमेस धरावी.

नियम थोडे पण लेखी असावेत. पहिले किती दिवस धरायचे नाहीत, एका माणसाला वर्षात जास्तीत जास्त किती आठवडे द्यायचे, डॉक्टरचा दाखला केव्हा हवा, आणि कारीगर काम सोडून गेला तर त्याच्या वाट्याचे काय, एवढे चार मुद्दे कागदावर आले की पुढची भांडणे टळतात. पैसे मालकाच्या गल्ल्यात न ठेवता बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावेत, आणि वही मालक व कारीगरांचा एक प्रतिनिधी अशा दोघांच्या सहीने चालावी. एकाच गल्लीतील चार-पाच कारखान्यांनी मिळून पेटी केली तर ती अधिक टिकेल. ज्या कारखान्यात एकाच वेळी तिघे पडतात त्याला शेजारच्या शिलकीचा आधार होतो.

आजारी कारीगराच्या घरी धान्य पाठवणारे, रमजानमध्ये त्याला आठवणीने मदत करणारे मालक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या नेकीविषयी आम्हाला शंका नाही. परंतु खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. कापलेल्या ११३ रुपयांच्या बदल्यात जे येते ते मागताना कारीगराची मान ताठ राहते. मजुरीची देणी आणि मदत हे दोन वेगळे रकाने आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

मालकांनी या आठवड्यात एवढे करावे. हजेरीची वही उघडावी, माणसे खरोखर किती आहेत ते मोजावे, आणि दहा किंवा अधिक असतील तर नोंदणीची तारीख ठरवावी. कमी असतील तर कारीगरांना एकत्र बसवून स्वेच्छेची नोंदणी की पेटी, हे विचारावे. कारीगरांनीही मालकाने विचारण्याची वाट न पाहता स्वतः विषय काढावा. धडधाकट असताना हे बोलणे सोपे जाते. ताप चढल्यावर उचल मागण्यावाचून दुसरे काही सुचत नाही.